काचेची कुपी आणि उघडणारा हात

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त अगदी छोटं आहे. परवा देवगाव फाट्याला मावशीकडे गेलो होतो. तिच्या जुन्या पेटीत बोटाएवढी पातळ कानस सापडली. घरातल्यांना मावशी माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगतो: ती नर्स होती, आता निवृत्त आहे. इंजेक्शनच्या काचेच्या कुपीची (अँप्यूल म्हणतात ती) मान आधी या कानशीने घासायची आणि मग मोडायची. आता बहुतेक कुप्यांच्या मानेवर ठिपका असतो, कानस लागत नाही.

कानस पाहून लहानपणीची एक गोष्ट आठवली. सायकलवरून पडून गुडघा फुटला होता. मावशीने टीटीची कुपी मोडली, सुई आत घातली आणि थांबली. सुई कुपीच्या फुटक्या काठाला लागली होती. तिने सुईही टाकली आणि ती कुपीही टाकली, नवीन घेतली. त्या काळात कुप्या मोजून मिळायच्या. मी म्हटलं, "मावशी, थोडंसंच तर लागलं!" ती म्हणाली, "लेकरा, थोडंसं कुणाला दिसतंय का?"

ही कुपी आली कुठून, म्हणून वाचायला लागलो. १८८६ साली पॅरिसचे औषधनिर्माते स्टॅनिस्लास लिमूझां यांनी ती सुचवली. सुईने औषध टोचायची पद्धत तेव्हा तीसेक वर्षांची होती. पण बुचाच्या बाटलीतलं औषध पुन्हापुन्हा उघडलं की खराब व्हायचं. लिमूझां यांनी एका वेळेपुरतं औषध काचेत भरलं आणि तिचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलं. बूच नाही की झाकण नाही. आतलं औषध उघडेपर्यंत निर्जंतुक.

पण "उघडेपर्यंत" हाच शब्द महत्त्वाचा. तो किती महाग पडू शकतो, हे आपल्या मुंबईशी जोडलेल्या एका घटनेतून कळतं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी तिथे लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला प्रयोगशाळा उभी राहिली, तीच आजची हाफकिन संस्था. तिथून लस बाटल्यांमधून देशभर जायची. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी (आता पाकिस्तानात) १०७ जणांना लस टोचली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यातल्या ५३ एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बाकीच्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पद सोडावं लागलं. पण प्रश्न असा होता की बाटली प्रयोगशाळेत बिघडली की गावात? बाटली भरून ४१ दिवस झाले होते. जंतू आधीच असते तर उघडताना दुर्गंधी आली असती, आणि तशी आली नव्हती. चौकशीत हेही निघालं होतं की बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो फक्त कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, आणि एवढ्याने ते मरत नाहीत. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाफकिन यांची बाजू लावून धरली आणि शेवटी ते निर्दोष ठरले. तोवर पाच वर्षं गेली होती. १९ माणसं तर कधीच परत येणार नव्हती.

आणि मी सायकलवरून पडलो तेव्हा मावशीने जी कुपी टाकली, ती धनुर्वाताच्याच लसीची होती!

मावशीला हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणून तर सगळं शिकवतात." आणि तिने क्रम सांगितला. आधी नाव आणि मुदत वाचायची. मानेवर टिचकी मारून औषध खाली आणायचं. मान स्पिरिटने पुसायची. कापसाने किंवा गॉजने धरून आपल्यापासून उलट्या दिशेला मोडायची, म्हणजे बोट कापत नाही. सुई काठाला न लावता आत न्यायची. बाटलीसारखी हवा आत सोडायची नाही, नाहीतर औषध बाहेर येतं. मोडताना काचेचे बारीक कण आत पडू शकतात, म्हणून शक्य तिथे गाळणीची सुई वापरून औषध ओढायचं आणि टोचायला नवी सुई लावायची. उरलेलं औषध ठेवायचं नाही. फुटलेली काच न टोचणाऱ्या डब्यात टाकायची. काठाला सुई लागली तर? "टाकायची. कुपी महाग नसते."

लिमूझां यांनी काचेला बंद केलं, पण उघडायचं काम शेवटी एखाद्या दवाखान्यातल्या एका हाताकडेच राहिलं. तिथल्या त्या दहा सेकंदांना कुणी बघत नसतं. मावशीने तशी किती हजार सेकंदं घालवली असतील, हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही.

कानस तिने मला देऊन टाकली. आता टेबलावर आहे. घरच्यांपैकी कुणाकडे तिच्या नोकरीच्या आठवणी असतील तर जरूर सांगा. तिला विचारलं तर ती एवढंच म्हणते, "त्यात काय सांगायचं?"