गुंजभर म्हणजे नेमकं किती?



संशोधनाची तयारी करताना आपण संज्ञा पाठ करतो, व्याख्या पाठ करतो. पण जुन्या कागदातलं एखादं माप समोर आलं की लगेच ‘म्हणजे किती ग्रॅम?’ असं विचारून मोकळे होतो. हा प्रश्न थोडा उशिरा विचारायला हवा. का, ते एका छोट्याशा शब्दावरून बघू. तो शब्द म्हणजे गुंज.

गुंज हे आधी झाडाचं नाव आहे, मग वजनाचं. आमच्या पोंभुर्ण्याकडं जंगलाच्या कडेला, कुंपणावर हा वेल चढलेला दिसतो. शेंग वाळून उकलली की आत लालभडक बिया, एका टोकाला काळा डाग. दिसायला सुंदर, पण विषारी, म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नये. वनस्पतिशास्त्रातलं नाव अब्रस प्रिकॅटोरियस. हिंदीत हीच रत्ती.

सोनाराच्या तराजूत ही बी कशी आली? एक तर ती सगळीकडं मिळते. दुसरं, तिचं कवच टणक असतं, त्यामुळं ती सहजासहजी ओलावा शोषत नाही आणि वजन टिकून राहतं. मात्र सगळ्या बिया सारख्या नसतात. इथं विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी थांबून विचार करावा. समजा, एका बीच्या वजनात १० टक्के फरक पडतो. ९६ बिया एकत्र पारड्यात टाकल्या, तर काही जड, काही हलक्या निघतात आणि एकूण बेरजेतला फरक साधारण १ टक्क्यावर येतो. बिया न निवडता घेतल्या असतील, एवढीच अट.

९६ हा आकडा मुद्दाम घेतला. आपल्याकडचा सराफी हिशोब असा: ८ गुंजा म्हणजे १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा. म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. नाजूक तब्येतीला आपण ‘तोळामासा प्रकृती’ म्हणतो, ते याच कोष्टकातून आलेलं.

आता खरी अडचण बघा. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमारासची. तिच्या सुरुवातीलाच वजनाची कोष्टकं आहेत. २ यव म्हणजे १ गुंज, ३ गुंजा म्हणजे १ वल्ल, इथपर्यंत ठीक. पण मासा? तिथं ५ गुंजांचा मासा आहे आणि १६ माशांचा कर्ष. मनुस्मृतीतही ५ कृष्णलांचा माष आहे, आणि कृष्णल म्हणजे गुंजच. नंतरच्या सराफांचा मासा मात्र ८ गुंजांचा. नाव तेच, आतला हिशोब वेगळा!

समजा, तुमच्यासमोर ‘१६ मासे सोनं’ असा उल्लेख आला. ५ च्या हिशोबानं ८० गुंजा होतात, ८ च्या हिशोबानं १२८. फरक थेट ६० टक्क्यांचा. त्यावरून कुणी किंमत काढली, दान किती मोठं ते ठरवलं, तर पुढचं सगळं चुकणार.

बरं, गुंजेचे ग्रॅम कुठून येतात? ईस्ट इंडिया कंपनीनं १८३३ साली बंगाल इलाख्यात १८० ग्रेनचा तोळा ठरवला. तो रुपयाच्या नाण्याच्या वजनाशी जोडलेला होता. त्याचे झाले सुमारे ११.६६ ग्रॅम. त्याला ९६ नं भागलं की गुंज येते साधारण ०.१२१५ ग्रॅम. प्रयोगशाळेतल्या चार दशांश स्थळांच्या तराजूवर ती हजाराहून जास्त घरं भरेल, पण सोनाराच्या दुकानात ती अगदी बारीक गोष्ट. लक्षात घ्या, हा आकडा बीतून आलेला नाही, तो नाण्यातून उलटा काढलेला आहे. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, तेव्हा आमचा जुना चांदा जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला. त्याआधीच्या इथल्या कागदावर १८३३ चा आकडा डोळे झाकून लावता येणार नाही.

गोष्ट इथं संपत नाही. १९५६ च्या कायद्यानं देशात दशमान वजनं आली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानं वापरात आली. तोळा हिशोबातून गेला, तोंडातून गेला नाही. आज सराफाकडं ‘तोळा’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी १० ग्रॅम समजतात. आजीच्या काळातला तोळा आणि आजचा तोळा यांत दीड ग्रॅमहून जास्त अंतर आहे. घरातल्या जुन्या दागिन्याची चिठ्ठी वाचताना हेही ध्यानात ठेवा.

मग करायचं काय? पहिलं, वहीत मूळ माप जसंच्या तसं उतरवा. लगेच ग्रॅम करू नका. दुसरं, कागद कधीचा, कुठला आणि लिहिणारा कोण ते बघा. सराफाचं कोष्टक आणि शास्त्रग्रंथाचं कोष्टक एकच असेल असं धरू नका. तिसरं, कोणतं कोष्टक लावलं ते प्रबंधात स्पष्ट लिहा. दोन कोष्टकं शक्य असतील तर दोन्ही उत्तरं द्या. मार्गदर्शक नक्की विचारतील, ‘हा आकडा कुठून आला?’ तेव्हा उत्तर तयार हवं.

शब्द टिकतो म्हणून माप टिकलं, असं होत नाही. तुमच्या विषयातही अशी एखादी गुंज असेलच. ती शोधा, आणि मोजण्याआधी विचारा, ही कुणाची गुंज?