मागे राहिलेली बहीण

आजीच्या गोष्टींत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार कधी समोर यायचा नाही. तो दूर लिस्बनमध्ये बसलेला, आणि आजीचं माहेर तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्यात, पेडणे महालातल्या एका वाडीवर. तरी त्याचा हात माजघरापर्यंत पोचलेला असे. धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायची, तर मजकूर आधी सरकारी तपासनिसाकडून पास करून आणावा लागला होता. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’मध्ये राजद्रोह शोधणारं सरकार, असं म्हणून आजी हसायची. पण पुढचं सांगताना तिचं हसू थांबे. त्या बहिणीच्या सासरी रात्री-अपरात्री कुणी तरी येऊन जेवून जायचं. ‘कोण ता इचारूचा नाय, पान वाढूचा.’ मग एके दिवशी पोलीस आले आणि बहिणीच्या दिराला घेऊन गेले. त्याची पोरं तिच्या पदरात आली.

आजी लग्न होऊन हद्दीच्या अलीकडे, भारतात बांद्याला आलेली. 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीच्या नाक्यावर सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि हद्द बंद झाली. माहेर काही कोसांवर, पण जायची सोय नाही. बहीण जिवंत आहे, एवढंच कानोकानी कळे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, तेव्हा कुठे दोघी भेटल्या.

हुकूमशाही म्हटलं की डोळ्यांसमोर लष्करी गणवेश आणि पुतळे येतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती पत्रिका आणि ते वाढलेलं पान येतं. त्यामुळे हुलिया आल्वारेझ या लेखिकेची ‘इन द टाइम ऑफ द बटरफ्लाइज’ ही 1994 ची कादंबरी हातात आली, तेव्हा डॉमिनिकन रिपब्लिक हा कॅरिबियन समुद्रातला देश मला फारसा परका वाटला नाही.

तिथे राफाएल त्रुहियोने 1930 पासून 31 वर्षं राज्य केलं. राजधानीच्या शहराला त्याने स्वतःचं नाव दिलं. लोकांच्या घरात पाट्या लागत: या घरात त्रुहियो हाच प्रमुख. घरातला बाप, आजा, सगळे त्याच्या खालचे. त्याच्या गुप्त पोलिसांच्या फोक्सवॅगन गाड्या दाराशी घुटमळू लागल्या की आतली माणसं आवाज खाली आणत.

सालसेदोजवळच्या ओहो दे आग्वा गावात मिराबाल कुटुंब राहायचं. जमीनजुमला असलेलं, दुकानदारी करणारं, खाऊनपिऊन सुखी घर. चार मुली: पात्रिया, देदे, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा. थोरली 1924 ची, धाकटी 1935 ची. या घराला त्रुहियोशी वैर धरायचं कारण नव्हतं. वैर त्याने आणलं. 1949 मधल्या एका मेजवानीत त्याची नजर मिनेर्वावर गेली. तिने त्याला दाद दिली नाही, आणि कुटुंब मेजवानी अर्धवट टाकून निघून आलं. हुकूमशहाच्या आधी उठणं हाच गुन्हा होता. बापाला तुरुंगात टाकलं. त्या धक्क्यातून तो सावरला नाही, 1953 मध्ये गेला. मिनेर्वाने पुढे हट्टाने कायद्याची पदवी घेतली, पण तिला वकिलीची सनद मिळू दिली नाही.

चौघी एकाच घरातल्या, पण लढ्यात प्रत्येकीची वाट वेगळी. मिनेर्वा विचाराने आली. मारिया तेरेसा तिच्या मागोमाग आली. कादंबरीत ती आपल्याला तिच्या रोजनिशीतून भेटते, आणि आधी बुटांबद्दल, पोरांबद्दल लिहिणारी ही मुलगी पुढे बाँबच्या सुट्या भागांबद्दल लिहू लागते. पात्रिया देवभोळी, लवकर लग्न होऊन संसारात रमलेली. 14 जून 1959 रोजी क्यूबाहून आलेले बंडखोर देशात उतरले आणि त्यांतले बहुतेक मारले गेले. कादंबरीतली पात्रिया तेव्हा कोन्स्तान्साच्या डोंगरात प्रार्थनेला गेलेली असते. आपल्या लेकरांच्या वयाचा एक पोरगा तिच्यासमोर मरतो, आणि तिची भक्ती बंडाकडे वळते. या तारखेचंच नाव घेऊन 1960 च्या आरंभी गुप्त संघटना उभी राहिली. मिनेर्वाचा नवरा मानोलो तिचा नेता. बहिणींचं टोपणनाव होतं ‘फुलपाखरं’.

महिनाभरात धरपकड झाली. तिघींचे नवरे आत गेले, मिनेर्वा आणि मारिया तेरेसाही गेल्या. बाहेरच्या देशांचा दबाव वाढला तसं ऑगस्ट 1960 मध्ये या दोघींना सोडलं, नवऱ्यांना ठेवलं. मग त्यांतल्या दोघांना मुद्दाम दूर पुएर्तो प्लाताच्या तुरुंगात हलवलं, म्हणजे भेटायला घाटरस्त्याने जावं लागेल. 25 नोव्हेंबर 1960 रोजी भेट घेऊन परतताना गाडी अडवली. मिनेर्वा, मारिया तेरेसा, पात्रिया आणि चालक रुफिनो दे ला क्रूस या चौघांना ठार मारून गाडीसकट दरीत ढकललं आणि अपघात म्हणून जाहीर केलं. पात्रियाचा नवरा त्या तुरुंगात नव्हताच. बहिणींना एकट्या कशा जाऊ द्यायच्या, म्हणून ती गेली होती.

अपघातावर कुणाचाच विश्वास बसला नाही. सहा महिन्यांनी, 30 मे 1961 ला, त्रुहियो गोळ्या घालून मारला गेला. ती 25 नोव्हेंबर ही तारीख संयुक्त राष्ट्रांनी 1999 मध्ये स्त्रियांवरील हिंसेच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केली.

आल्वारेझचं कुटुंब ऑगस्ट 1960 मध्ये देशातून निसटलं होतं. तिचे वडील त्रुहियोविरोधी कटात होते. म्हणजे तीही अशाच एका घरातली, वेळेवर सुटलेली. तिने या बहिणींना देव्हाऱ्यातून खाली उतरवलं. त्या भांडतात, रुसतात, घाबरतात. कादंबरीत मिनेर्वा त्रुहियोच्या थोबाडीत मारते. तो प्रसंग दंतकथेतला, इतिहासाने त्यावर शिक्का मारलेला नाही. मला तो खटकत नाही. पुराव्याचं काम इतिहासकाराने करावं. भीती पोटात कशी उतरते आणि तरीही माणूस दार कसं उघडतो, हे सांगायला कादंबरी लागते.

पण या कादंबरीत मला सर्वांत जवळची वाटली ती देदे. नवऱ्याच्या विरोधामुळे ती चळवळीत गेली नाही, म्हणून वाचली. गोष्ट तिच्यापासून सुरू होते: म्हातारी होत चाललेली देदे, भेटायला आलेली पाहुणी, आणि तोच तो प्रश्न, तुम्ही कशा राहिलात? खऱ्या देदेने बहिणींची सहा मुलं आईसोबत वाढवली, स्वतःचे तीन मुलगे होतेच. बहिणींच्या वस्तू जपल्या, त्यांचं संग्रहालय उभं केलं, येईल त्याला सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं, 2009 मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं. 2014 मध्ये ती 88 व्या वर्षी गेली. तिच्या हाताखाली वाढलेली मिनेर्वाची मुलगी मिनू राजकारणात गेली आणि देदेचा मुलगा देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला.

‘जी जेलात गेली तिचा नाव रवला, जी चुलीकडे रवली तिका कोण इचारता?’ आजी बहिणीबद्दल म्हणायची. खरं तर आपल्याकडे जेलात गेलेल्यांचीही नावं धड राहिलेली नाहीत. पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा संस्कृतिकोश मराठी वाचकाला ठाऊक असतो. त्यांच्या पत्नी सुधाताईंनी 1955 मध्ये पोर्तुगीज पोलिसांच्या नाकासमोर म्हापशात गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं आणि संसार पुण्यात ठेवून कैद पत्करली, हे किती जणांना माहीत आहे? मित्रा बीर यांना त्याच लढ्यात ऐन विशीत 12 वर्षांची शिक्षा झाली. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सहा वर्षं जंगलातून मुक्तीचं गुप्त नभोवाणी केंद्र चालवलं. यांतल्या एकेका आयुष्यावर कादंबरी उभी राहील. त्यांच्यामागे घर सांभाळणाऱ्यांवर दुसरी.

डॉमिनिकन बहिणींना आल्वारेझ भेटली, कारण सांगायला देदे मागे राहिली होती. आपल्याकडे सांगणाऱ्या आता नव्वदीला टेकल्या आहेत, बऱ्याचशा गेल्या. गोव्याचा लढा असो, हैदराबादचा असो की आणीबाणी, ज्या घराने ते दिवस पाहिले, तिथल्या म्हाताऱ्या बाईला नेत्यांबद्दल विचारू नका. रात्री कोण जेवून गेलं, पोरं कुणी सांभाळली आणि तिला भीती कशाची वाटली, ते विचारा. आणि उत्तर लिहून ठेवा.