मुमताजने ‘नाही’ म्हटलं

राजाचं मन गरिबाघरच्या पोरीवर बसलं, अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्या. आज आमच्या गटाने निवडलेली गोष्ट मात्र खरी घडलेली आहे.

इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांची मुमताज बेगम या नर्तकीवर मर्जी बसली. ती कित्येक वर्षं त्यांच्याकडे होती. पण तिला तिथे राहायचं नव्हतं. एक दिवस ती निसटली. पुढे मुंबईत अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याच्या आसऱ्याला राहिली.

12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मलबार हिलवर काही माणसांनी त्यांची मोटार अडवली. बावलांना गोळ्या घातल्या, मुमताजच्या तोंडावर वार केले. ते तिला ओढून नेणार, तेवढ्यात तिथून जाणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले. बावला गेले, मुमताज वाचली.

मुंबई हायकोर्टात तिने उभं राहून साक्ष दिली. तिघांना फाशीची शिक्षा झाली. पण माणसं पाठवली कोणी? ते कोर्टात सिद्ध झालंच नाही. सरकारने महाराजांना सांगितलं, चौकशीला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. 1926 मध्ये त्यांनी गादी सोडली.

लोक याला राजाचं प्रेमप्रकरण म्हणतात. आम्ही विचारतो, जिथून बाईला आपल्या मर्जीने निघता येत नाही, त्याला प्रेम कसं म्हणायचं? गावात एखादी ‘नाही’ म्हणाली, तर आपण तिच्या बाजूने उभ्या राहतो का? पुढच्या बैठकीत यावर नक्की बोला.