पानपिंपळी: उन्हाच्या वऱ्हाडात सावलीचं पीक

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकणाऱ्या वऱ्हाडात दमट जंगलातली एक वेल फळते. अमरावतीतल्या अंजनगाव सुर्जी आणि अकोल्यातल्या अकोट परिसरात पानपिंपळीची शेती होते. विड्याच्या पानांचे मळे करणाऱ्या बारी समाजाने ती जपली आहे.

वेल उन्हात टिकते कशी?
शेतकरी आधी सावली उभी करतात. हादगा, पांगारा, शेवरी अशी झाडं दाट लावतात आणि वेल त्यांच्यावरच चढवतात. मुळांशी ओल कायम हवी, पण पाणी साचलं तर मुळं कुजतात.

फळ धरावं म्हणून काय करतात?
पिंपळीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. औषधाला लागतात ती मादी वेलीची छोटी कणसं. म्हणून बेणं भरपूर फळणाऱ्या वेलीचंच घ्यावं. त्यातून तशीच वेल तयार होते.

तोडणी कधी?
कणसं पिकण्याआधी, गर्द हिरवी असतानाच तोडून उन्हात वाळवतात. पिकली की तिखटपणा कमी होतो. सुंठ आणि मिऱ्यांसोबत त्रिकटू चूर्णात पडते ती हीच पिंपळी.

धोका कशाचा?
विहिरीच्या पाण्याचा. ते आटलं की वेल टिकत नाही.