ऑफरोडसाठी सायकल घेताय? आधी या चार गोष्टी तपासा

नाशिक रोडहून अंजनेरीकडे गेलो होतो. टायरमध्ये हवा टणक. उतारावर मुरमात सायकल घसरली. हेल्मेटला तडा गेला, डोकं वाचलं. तेव्हापासून मी हे बघतो.

ब्रेक: डिस्कच घ्या. केबलवाल्यापेक्षा हायड्रॉलिकला बोटांचा जोर कमी लागतो.

टायर: रुंदी २ इंचांच्या पुढे, खाचा खोल. हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते. फारच कमी केली तर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते.

सस्पेन्शन: पुढचं पुरे. स्वस्तातल्या मागच्या स्प्रिंगने वजनच वाढतं.

हेल्मेट: आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी लिहिलेलं बघा. एकदा जोरात आपटलं की बदला. दबलेला फोम बाहेरून दिसत नाही.

बजेट कमी पडतंय? सस्पेन्शनवर वाचवा, ब्रेक-हेल्मेटवर नको.