माउंटन बाइकच्या चाकाचा आकार

माउंटन बाइकच्या चाकाचा आकार म्हणजे डोंगराळ, खडकाळ व कच्च्या वाटांवर चालवण्यासाठी बनवलेल्या सायकलीच्या चाकाचा, टायरसह धरलेला, इंचांतील ठोकळ व्यास होय. प्रौढांच्या सायकलींत २६, २७.५ आणि २९ इंच असे तीन आकार आढळतात. त्यांपैकी २६ इंची चाक सर्वांत जुने असून नव्या सायकलींतून ते बहुतांशी मागे पडले आहे. पुढे २९ इंची आणि मागे २७.५ इंची चाक असलेल्या संमिश्र सायकलीही प्रचलित आहेत. चढ, उतार, अडथळे आणि वळणे यांवरील सायकलीचे वर्तन चाकाच्या व्यासावर काही अंशी अवलंबून असते. मात्र चालकाच्या उंचीला न मानवणारे चाक निवडले, तर मोठ्या व्यासाचे बहुतेक फायदे वाया जातात आणि उतारावर सायकल आवरणे कठीण होते.

मापाची पद्धत

'२६ इंची' किंवा '२९ इंची' हे प्रत्यक्ष मोजमाप नसून रूढ नाव आहे. टायरची रुंदी बदलली की बाहेरचा व्यासही बदलतो. म्हणून टायर रिमवर जेथे बसतो, त्या कडेचा व्यास मिलिमीटरमध्ये देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत रूढ झाली. युरोपीय टायर व रिम तांत्रिक संघटनेच्या या पद्धतीत टायरच्या बाजूवर '५४-५५९' असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा बैठकीच्या व्यासाचा असतो. या मापात माउंटन बाइकचे २६ इंची चाक ५५९ मिमी, २७.५ इंची ५८४ मिमी आणि २९ इंची ६२२ मिमीचे आहे.

हे आकडे पाहिले की नावांतील फसवेपणा ध्यानात येतो. नावावरून २७.५ इंची चाक बाकीच्या दोहोंच्या बरोबर मध्ये असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते २६ इंचीपेक्षा केवळ २५ मिमीने मोठे व २९ इंचीपेक्षा ३८ मिमीने लहान आहे. दुसरे असे की, २९ इंची चाकाचे रिम म्हणजे रेसिंग सायकलींना वापरले जाणारे '७०० सी' हेच माप होय. भारतातील जुन्या काळ्या, उभ्या हँडलच्या सायकलींना २८ × १½ या मापाचे टायर लागतात आणि त्यांची बैठक ६३५ मिमीची असते. म्हणजे दूधवाल्यांच्या आणि पोस्टमनच्या ज्या '२८ इंची' सायकली महाराष्ट्राने पिढ्यान्पिढ्या पाहिल्या, त्यांचे रिम आजच्या '२९ इंची' माउंटन बाइकच्या रिमपेक्षा मोठे आहे!

२६ इंच या एकाच नावाखाली तर कित्येक मापे नांदतात. २६ × १.७५ असे दशांशात लिहिलेले टायर ५५९ मिमीच्या रिमवर बसते, परंतु २६ × १¾ असे अपूर्णांकात लिहिलेले टायर ५७१ मिमीच्या रिमचे असते. २६ × १⅜ हे ५९० मिमीचे, तर २६ × १½ हे ५८४ मिमीचे, म्हणजे रिमच्या दृष्टीने आजच्या २७.५ इंचीच्या बरोबरीचे होय. गणितात समान असणारे १.७५ आणि १¾ सायकलच्या दुकानात समान नसतात. टायर विकत घेताना इंचांऐवजी मिमीचा आकडा पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

इतिहास

१९३३ मध्ये अमेरिकेतील श्विन कंपनीने जाड 'बलून' टायरची सायकल बाजारात आणली. या प्रकारच्या सायकलींना २६ × २.१२५ मापाचे टायर असत. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत माउंट टॅमलपाइसच्या उतारांवर काही तरुण या जुन्या, भक्कम सायकली दुरुस्त करून पळवू लागले. तेथील 'रिपॅक' नावाच्या उताराची पहिली शर्यत १९७६ साली झाली. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ आणि टॉम रिची ही या मंडळींतील ठळक नावे. डोंगरासाठी वेगळी फ्रेम बनवण्यास त्यांनी सुरुवात केली, तेव्हा चाक मात्र हाताशी असलेले २६ इंचीच राहिले. जाड टायर त्याच मापात मिळत होते, एवढेच त्याचे कारण. पुढील तीन दशके जे माप प्रमाण मानले गेले, ते तुलना किंवा चाचणी करून निवडलेले नव्हते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकचा प्रथमच समावेश झाला, तेव्हाही २६ इंचाचेच राज्य होते. भारतात 'रेंजर' या नावाने बोलीभाषेत ओळखल्या गेलेल्या जाड टायरच्या सायकलीही याच मापाच्या.

६२२ मिमीच्या रिमसाठी जाड, खडबडीत टायर मिळत नव्हते. १९९९ साली वाइल्डरनेस ट्रेल बाइक्स या कंपनीने 'नॅनोरॅप्टर' हे टायर काढले आणि २९ इंची सायकलीचा मार्ग मोकळा झाला. आरंभीच्या २९ इंची सायकली वळणावर जड वाटत, कारण २६ इंचीसाठी आखलेल्या फ्रेममध्येच मोठे चाक बसवण्याकडे कल होता. हँडलखालच्या चिमट्याचा कोन व पुढचा झुकाव यांची फेरआखणी झाल्यावर ही तक्रार बरीच कमी झाली.

२७.५ इंची माप फ्रेंच '६५० बी' या नावाने प्रवासी सायकलींत पूर्वीपासून होते. अमेरिकेतील कर्क पासेंटी यांनी २००७ च्या सुमारास ते माउंटन बाइकसाठी पुढे आणले. २०१२ च्या मार्च महिन्यात दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारिट्झबर्ग येथील विश्वचषक शर्यत स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरने या चाकांवर जिंकली आणि उद्योगाचे लक्ष त्याकडे वळले. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये २९ इंची सायकलीवरील चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीने शेवटच्या टप्प्यात शुर्टरला मागे टाकून सुवर्णपदक मिळवले. पुढे शुर्टरही २९ इंचीकडे वळला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याने त्याच चाकांवर पटकावले. दरम्यान, २०१४ च्या सुमारास जायंटसारख्या मोठ्या कंपन्यांनी २७.५ इंची सायकलींचा जोरदार पुरस्कार केला होता. त्यात कंपन्यांच्या विक्रीधोरणाचा वाटा मोठा होता, हे नमूद केले पाहिजे.

उतारशर्यतींत मोठ्या चाकांना जागा मिळण्यास अधिक काळ लागला. २०१७ च्या हंगामात काही संघांनी २९ इंची सायकली उतरवल्या आणि फोर्ट विल्यम येथे ग्रेग मिनारने त्यांवर विजय मिळवल्यावर शंका मावळल्या.

व्यासाचे परिणाम

मोठे चाक अडथळ्यावरून सुलभपणे जाते, ही २९ इंचीच्या बाजूची मुख्य गोष्ट. चाक दगडाला भिडते, तेव्हा दगडाचा कोपरा चाकाच्या परिघाला कोठे स्पर्श करतो, यावर धक्क्याची दिशा ठरते. समजा, वाटेत १० सेंमी उंचीची पायरी आहे. नेहमीच्या टायरसह २६ इंची चाकाची त्रिज्या सुमारे ३३ सेंमी आणि २९ इंचीची सुमारे ३७ सेंमी असते. भूमितीने हिशेब केल्यास स्पर्शबिंदू व चाकाचा तळ यांमधील केंद्रीय कोन पहिल्या चाकात सुमारे ४६ अंश आणि दुसऱ्यात सुमारे ४३ अंश येतो. कोन जितका कमी, तितका मागे ढकलणारा धक्का कमी. फरक लहान आहे, पण शेकडो दगडांच्या वाटेवर तो प्रत्येक दगडाशी लागू होतो. खड्ड्यातही मोठे चाक कमी खोल उतरते.

मोठ्या चाकाची पकड अधिक असते, असे सरसकट सांगितले जाते. ते तपासून घेण्यासारखे आहे. टायरमधील हवेचा दाब आणि वरील भार तेवढाच असेल, तर जमिनीला टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच राहते. बदलतो तो त्याचा आकार. मोठ्या चाकात हा भाग लांबट व अरुंद होतो. सैल मातीवरील चढात त्याचा उपयोग होतो, मात्र टायरची रुंदी आणि हवेचा दाब यांचा पकडीवरील प्रभाव व्यासापेक्षा पुष्कळ जास्त आहे. सह्याद्रीतील पावसाळी चिखलात किंवा सुट्या मुरमावर सायकल घसरत असेल, तर नवी चाके घेण्याआधी टायरचे खाचे व हवेचा दाब तपासणे शहाणपणाचे.

वजनाबाबतही अतिशयोक्ती फार होते. त्याच बनावटीचे रिम व टायर ५५९ ऐवजी ६२२ मिमीचे केल्यास त्यांची लांबी, पर्यायाने वजन, सुमारे ११ टक्क्यांनी वाढते. परिघावरील वजन फिरवायचेही असते आणि पुढेही न्यायचे असते, म्हणून वेग वाढवताना ते जवळजवळ दुप्पट भासते. परंतु ही दुप्पट लहान आणि मोठ्या दोन्ही चाकांना सारखीच लागू होते. मोठ्या चाकाचा जडत्वाघूर्ण व्यासाबरोबर झपाट्याने वाढतो हे खरे. पण तेच चाक त्याच वेगासाठी कमी फेरेही घेते. सारांशाने, चालकाला वेग वाढवताना जाणवणारी वाढ त्या अकरा टक्क्यांइतकीच असते. हँडल वळवताना व सायकल बाजूंना झुकवताना मात्र मोठ्या चाकाचे जडत्व अधिक जाणवते, आणि अरुंद, सतत वळणाऱ्या वाटांवर लहान चाक चपळ वाटते ते याच कारणाने.

व्यास वाढला की गिअरही जड होतो. पेडलच्या एका फेऱ्यात २९ इंची सायकल २६ इंचीपेक्षा सुमारे ११ टक्के अधिक अंतर कापते. तेव्हा २६ इंची सायकलीला पुढे ३२ दात्यांचे चक्र असेल, तर चढाची तीच सुलभता मिळण्यासाठी २९ इंचीला सुमारे २९ दात्यांचे चक्र लागेल.

लांब तारांमुळे मोठे चाक बाजूच्या दाबाने अधिक लवचीक होते. यावर उपाय म्हणून हबच्या कडा दूर सरकवून मागचा हब १४८ मिमी रुंद करण्याची 'बूस्ट' पद्धत आली. तिच्यानंतर ही उणीव फारशी जाणवत नाही.

चालकाची उंची आणि फ्रेम

निवडीत सर्वांत अधिक महत्त्व याच मुद्द्याला द्यावे लागते. लहान फ्रेममध्ये मोठे चाक बसवताना जागेची ओढाताण होते. हँडल वर जाते, पुढच्या चाकाला वळणात पायाचा अंगठा लागू शकतो, आणि मागील चाकाला जागा देण्यासाठी शॉकअपची हालचाल कमी करावी लागते. तीव्र उतारावर चालक सीटच्या मागे सरकून बसतो. तेथे २९ इंची टायरचा माथा २७.५ इंचीपेक्षा सुमारे ३८ मिमी उंच असतो, आणि आखूड पायांच्या व्यक्तीला तो मागून घासतो. खडतर वाटेवर असे घासणे धोक्याचे ठरू शकते.

म्हणूनच ट्रेकसारख्या कंपन्या काही मॉडेलांच्या सर्वांत लहान फ्रेमना २७.५ इंची आणि मोठ्या फ्रेमना २९ इंची चाके देतात. साधारण १६० सेंमीपेक्षा कमी उंचीच्या व्यक्तीने २९ इंचीचा आग्रह धरू नये. १७५ सेंमीपेक्षा उंच व्यक्तीला मात्र तेच अधिक सोयीचे वाटण्याचा संभव आहे. मधल्या उंचीच्या व्यक्तीने दोन्ही चालवून पाहावीत. सायकल दोन्ही पायांमध्ये घेऊन सपाट जमिनीवर उभे राहिल्यावर वरच्या दांड्यापासून किमान ५ सेंमी मोकळी जागा उरली पाहिजे. चाकाचा आकार ठरवण्यापूर्वी ही साधी परीक्षा व्हावी. विक्रेत्याकडे शिल्लक असलेली सायकल कधीकधी ग्राहकाच्या मापाला 'बसवली' जाते, हे लक्षात ठेवावे.

मुलांच्या सायकलींत २० इंची (४०६ मिमी) व २४ इंची (५०७ मिमी) चाके असतात. 'पुढे वाढेल' म्हणून मुलाला मोठी सायकल घेऊन देण्याची प्रथा जुनी आहे. पाय जमिनीला न टेकणाऱ्या मुलाला ब्रेक लावून थांबणेच अवघड होते, त्यामुळे डोंगरवाटेवर ती टाळावी.

रुंद टायर व संमिश्र चाके

२७.५ इंची रिमवर २.८ ते ३ इंच रुंदीचे टायर बसवल्यास बाहेरचा व्यास जवळजवळ २९ इंची चाकाएवढा होतो. वाळू व बर्फासाठीच्या 'फॅट बाइक' प्रकारात २६ इंची रिमवर ४ इंच किंवा त्याहून रुंद टायर असतात.

पुढे २९ व मागे २७.५ इंची चाक या रचनेत पुढचे चाक अडथळे ओलांडते, तर मागचे लहान चाक वळणात चपळ राहते आणि उतारावर चालकाला मागे जागा देते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने २०१९ मध्ये दोन्ही चाके समान असण्याची अट सैल केल्यावर उतारशर्यतींत ही रचना पसरली. सपाट वा सौम्य चढउताराच्या वाटांसाठी तिचे विशेष प्रयोजन नाही.

चाक बदलणे

जुन्या २६ इंची सायकलीत मोठी चाके बसवता येतील का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर त्यांचे रबर नव्या रिमपर्यंत पोहोचत नाहीत. डिस्क ब्रेकच्या सायकलीत २७.५ इंची चाक कधीकधी बसते, परंतु टायर आणि फ्रेम यांच्यात चिखल निघून जाण्याइतकी जागा उरत नाही आणि पेडलचा आस जमिनीपासून सुमारे १२ मिमी उंचावतो. २९ इंची चाक अशा फ्रेममध्ये सहसा बसतच नाही. शॉकअप दबल्यावर टायर वरच्या भागाला लागणार नाही, याची खात्री हवा सोडून व शॉकअप पूर्ण दाबून करून घ्यावी लागते.

सुस्थितीतील २६ इंची सायकल केवळ मापासाठी मोडीत काढण्याचे कारण नाही. उड्यांच्या 'डर्ट जंप' आणि तोल सांभाळण्याच्या 'ट्रायल्स' या प्रकारांत हे माप अद्याप वापरात आहे. साधे २६ इंची टायर व ट्यूब गावोगावच्या दुकानांत मिळतात. उत्तम प्रतीचे टायर, हलके रिम व नवे पुढील शॉकअप या मापात मिळणे मात्र दुर्मीळ होत चालले आहे. जुनी सायकल विकत घेणाऱ्याने किंमत ठरवताना ही गोष्ट हिशेबात धरावी.