गिरणगावचे भजन आणि कोनची घरे

पनवेलजवळच्या कोन गावात एमएमआरडीएने बांधलेली सुमारे 2400 घरे गिरणी कामगारांसाठी राखली गेली आणि 2016 साली म्हाडाने त्यांची सोडत काढली. भाडेतत्त्वाच्या योजनेतल्या 160 चौरस फुटांच्या दोन खोल्या मिळून एक घर, असा तो हिशोब. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळींतली खोलीही साधारण 160 चौरस फुटांचीच होती, म्हणजे कागदावर कामगाराची जागा दुप्पट झाली. चाळीत खोलीबाहेर सामाईक गॅलरी, जिना आणि दोन इमारतींमधला मोकळा पट्टा होता. ही जागा मात्र कोणी मोजली नाही, आणि गिरणगावचे गाणे वाढले ते नेमके तिथेच. संध्याकाळी चार शेजारी जमून करत ते भजन, ती बारी, ती जाखडी चाळीच्या बांधणीने आणि गिरणीच्या पाळीने घडवलेली होती, असे माझे म्हणणे आहे. या गाण्याचा इतिहास समजून घ्यायचा तर भजनी बुवांच्या नावांआधी घरांचे नकाशे पाहावे लागतात.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली उभारायला घेतली आणि 1856 मध्ये ती ताडदेवला सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातून आणि मग सातारा, कोल्हापूर, पुण्याकडून माणसे येत राहिली. बहुतेक पुरुष बायकामुले गावी ठेवून आलेले. एका गावाच्या मंडळाने एक खोली भाड्याने घ्यायची, तीत पंचवीस-तीस जणांच्या ट्रंका ठेवायच्या, जेवण खानावळीत आणि झोप पाळीप्रमाणे, कधी आत तर कधी गॅलरीत. पखवाज, पेटी, झांजा कोणा एकाच्या नसत. त्या वर्गणीतून घेतलेल्या, मंडळाच्या मालकीच्या असत आणि खोलीतच टांगलेल्या असत. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. वाद्य सगळ्यांचे असले की ते उचलायला आमंत्रण लागत नाही, आणि शिकणाऱ्याला वेगळी शाळा लागत नाही. दिवसपाळी सुटल्यावर जो मोकळा असेल तो बसे. पखवाजावरचा माणूस कामाला गेला की दुसऱ्याला हात साफ करायची संधी मिळे. गिरणीचा भोंगाच या बैठकीची वेळ ठरवत होता.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ही सगळी गाणी गावाकडूनच आलेली होती, मुंबईने त्यात काय भर घातली? जाखडी कोकणातली, तमाशा घाटावरचा, अभंग तर वारकऱ्यांचे, हे खरेच आहे. पण गावात ही मंडळी एकमेकांना भेटत नव्हती. राजापूरचा माणूस आणि पाटणचा माणूस एका जिन्याने चढू लागले ते लालबाग-परळमध्ये. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात. त्यासाठी दोन तयार मंडळे आणि दोघांनाही जाणणारा श्रोता जवळ असावा लागतो. एकेका वाडीच्या वस्तीत हे सहजी जमणारे नव्हते. चाळीत ते मजल्या-मजल्यावर जमले. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड येत, परळच्या दामोदर हॉलमध्ये शक्ती-तुऱ्याचे सामने रंगत. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांना ऐकायला तयार कान मिळाले. ते या रोजच्या बैठकांनीच तयार केले होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: हे गाणे रेडिओने, सिनेमाने आणि टीव्हीने मारले, घरांचा त्याच्याशी संबंध नाही. पण सिनेमाच्या चाली तर भजनात उतरल्या. बुवांनी त्या निःसंकोच उचलल्या आणि गजराला लावल्या. मुंबई दूरदर्शन 1972 च्या ऑक्टोबरात सुरू झाले, तरी गिरण्या चालू होत्या तोवर मंडळे बसतच होती. कणा मोडला तो 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप. पाळी गेली, पगार गेला, वर्गणी आटली, माणसे गावी परतली. कामगार कल्याण मंडळाच्या भजनस्पर्धांनी काही मंडळांना आधार दिला हे मान्य करायला हवे. मात्र स्पर्धेत वेळ ठरलेली, परीक्षक समोर, आणि ज्याला अजून नीट येत नाही त्याला जागा नाही. व्यासपीठाची ही मर्यादा दूरच्या एका उदाहरणातही दिसते. अमेरिकेतल्या लुइझियानात फ्रेंच बोलणाऱ्या केजन लोकांचे फिडल असेच घरांत वाढले. खोलीतले सामान बाहेर काढून नाच व्हायचे, एक फिडल चाल धरायचे, दुसरे त्याला साथ द्यायचे. 1921 च्या राज्यघटनेने तिथल्या शाळांतून फ्रेंच हद्दपार केली आणि ते संगीतही गावंढळ ठरू लागले. 1964 साली केजन वादक ड्यूई बाल्फा न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून परतला तो मोठ्या टाळ्या घेऊन. पुढे त्याने आपले आयुष्य हे वाजवणे शाळांत आणि घरांत परत नेण्यात घातले. व्यासपीठाने मान दिला, पण शिकणे पुन्हा शेजाऱ्याच्या खोलीतच सुरू करावे लागले.

मी दाटीवाटीचे गोडवे गातो आहे का? बीडीडीच्या एका खोलीत आठ-दहा माणसांनी राहणे हे हाल होते, त्याला दुसरे नाव नाही. शिवाय या बैठकी बव्हंशी पुरुषांच्या होत्या. खानावळ चालवणारी बाई पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक उरकत असे, तेव्हा तिला झांजा हाती घ्यायला वेळ कुठला? नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावकरांच्या मुलाखतींतून जो इतिहास मांडला आहे, त्यात अभिमान आणि हे कष्ट दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. म्हणून संडास घरात असलेले, दार लावता येणारे कोनचे घर ही मोठी मिळकत आहे, आणि तिच्यासाठी लोक तीस-पस्तीस वर्षे झगडले. प्रश्न एवढाच आहे की घर देताना गॅलरीच्या बदल्यात काय दिले. बंद दारांच्या मजल्यावर पखवाज वाजला की तो शेजाऱ्याला त्रास ठरतो, तोच उघड्या गॅलरीत शेजाऱ्याला बोलावणे असे. कोनच्या आसपासच्या आगरी गावांत देवळातले भजन आणि लग्नातले धवले अजून चालतात, म्हणजे नव्या रहिवाशांना ऐकणारे आणि साथ करणारे परिसरातच आहेत. सोसायट्यांनी तळमजल्यावर एक खोली संध्याकाळी भाडे न घेता उघडी ठेवावी, तिथे मंडळाची वाद्ये ठेवू द्यावीत, आणि रात्री दहापर्यंत वाजवायला ठरावाने मुभा द्यावी. त्या खोलीची किल्ली वॉचमनपेक्षा भजन मंडळाकडे आणि महिला मंडळाकडे असलेली बरी.